उद्यानाच्या फाटकातील खांब

दुचाकी रोखण्यासाठी आमच्या भागातील उद्यानाच्या फाटकात लोखंडी खांब रोवल्याची बातमी वाचली. हेतू योग्यच; पण दोन खांबांत जेमतेम दीड फूट जागा आहे आणि व्हीलचेअरला सव्वादोन फूट तरी लागते. माझ्या वडिलांना कर्करोग आहे. रोज सकाळी बकुळीखाली बसवले, की ते मांडीवर पडलेली फुले वेचून ओंजळीत धरत. त्या दिवशी दोन घास जास्त जात. आता आम्ही फाटकावरूनच परततो. सार्वजनिक जागा दिव्यांगांना सुगम असाव्यात, हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे. महापालिकेने एक खांब काढून तीन फुटांची वाट ठेवावी, दुचाकींसाठी रखवालदार नेमावा. बकुळीचा बहर संपण्याआधी हे व्हावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे