कात्रीवाली रोसारिओ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत ती कोकेनच्या धंद्यातल्या 'क्वीन'ची मालिका बघताना तू म्हणालास, "बाई असावी तर अशी." मी करंज्यांना मुरड घालत होते, तेव्हा काही बोलले नाही. पण ते मनातून गेलं नाही. मग तुझ्या कपाटातली 'रोसारिओ तिहेरास' काढली आणि डिक्शनरी शेजारी ठेवून पंधरा दिवसांत वाचली.

कोलंबियाच्या होर्हे फ्रांकोची ही 1999ची कादंबरी. तिहेरास म्हणजे कात्री. लहान वयात अत्याचार झालेल्या रोसारिओनं शिवणकाम करणाऱ्या आईच्या कात्रीनं सूड घेतला, तेच नाव तिला चिकटलं. तिथे मी पुस्तक मिटलं. माझ्याही मशीनवर कात्री असते रे.

पुढे ती सुपारी घेऊन माणसं मारते. सगळे तिला घाबरतात, तिच्यावर भाळतातही. पण कुणाला मारायचं हे ठरवणारे बडे लोक पुरुषच. आणि तिची गोष्ट सांगतो कोण? आंतोनिओ. गोळ्या लागून ती हॉस्पिटलात आत पडलेली, आणि तिच्यावर जीव टाकणारा हा श्रीमंत घरचा मुलगा बाहेर बसून आठवतोय. रोसारिओला स्वतःला काय वाटत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ज्या मेडेयिन शहरातली ही गोष्ट, तिथे 1991 या एका वर्षात 6,000हून अधिक खून झाले. मारणारे आणि मरणारे बहुतेक डोंगरउतारावरच्या वस्त्यांतले, तुझ्याहून लहान मुलगे. बंदूकवाली देखणी बाई पडद्यावर जितकी दिसते तितकी त्या वस्त्यांत नव्हती.

गुस्ताव्हो बोलिव्हारच्या 2005च्या कादंबरीतली कातालीना तर शाळकरी पोर. ड्रग्जवाल्यांना आपली छाती लहान वाटते म्हणून ऑपरेशनसाठी धडपडते. तिच्यावर मालिकाही आली. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत तुरुंगातल्या निम्म्याहून अधिक बायका ड्रग्जच्या गुन्ह्यांत आहेत. पोटात कॅप्सूल घालून नेणाऱ्या, घरी पोरं ठेवून आलेल्या. त्यांना 'क्वीन' कोण म्हणतं?

तू चुकलास असं नाही रे. बाई कुणापुढे वाकत नाही, हे तुला आवडलं, याचा मला आनंदच आहे. फक्त तिथवर पोचण्याआधी तिच्यावर काय काय गुदरतं, ते दाखवताना कॅमेरा कुठे रेंगाळतो, ते बघ. त्या दिवशी तो प्रसंग आला तेव्हा तू मोबाईल हातात घेतलास. मी पाहिलं होतं.

मे महिन्यात आलास की पहिल्या भागापासून बरोबर बघू. डबा वेळेवर खात जा.

तुझी
आई