केळीच्या पिकअपवाल्या भाऊंचे आणि त्या ताईंचे आभार

आमचा टेनिसवेडा मित्र गेला. मे महिन्यातल्या एका सकाळी, जळगावात खेळता खेळता तो कोर्टवरच कोसळला. आम्ही सगळे भांबावलेलो. 108 ला फोन लावला, पण गाडी लांब होती.

फिरायला आलेल्या एक ताई धावत आत आल्या. गुडघ्यांवर बसून, मोठ्याने आकडे मोजत छातीवर दाब देऊ लागल्या. मिनिटाला 100 ते 120 दाब, हे आपण नुसतं वाचलेलं असतं. सिमेंटवर गुडघे सोलवटले तरी त्या थांबल्या नाहीत.

रस्त्यावरून केळीचा पिकअप चालला होता. ड्रायव्हर भाऊंनी थांबून निम्मे घड कडेला उतरवले, पानं अंथरली. मालाचं काय, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, “माल ऱ्हाऊ द्या, पहिले यासले लई चला.” ताई मागेच चढल्या, दाब देतच.

दवाखान्यात ठोके परत आले. तो वाचला नाही, पण पुण्याहून लेक येईपर्यंत होता. तिचा हात त्याने ओळखून दाबला. बाहेर येऊन पाहतो तर तुम्ही दोघंही निघून गेलेले. बाकाखाली त्याचे बूट नीट ठेवलेले, एका बुटात रुमालात गुंडाळलेला चष्मा.

तोही असाच होता. जुन्या रॅकेटांना पदरच्या पैशाने गटिंग करून, म्हणजे नवी जाळी विणून, वॉचमनच्या पोरांना द्यायचा. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, या लाइन कॉलवरून मात्र कडाकडा भांडायचा!

वहिनींचा निरोप आहे: थंडीत भरीत-भाकरीला दोघांनी घरी यायचं. भाऊ, उन्हात गेलेल्या घडांचे पैसेही घ्यायचे, नाही म्हणू नका.