रोटरीचे तेल तोडू नका

माननीय संपादक,

गाडी तेल खाते म्हणजे इंजिन गेले, हा हिशेब पिस्टनच्या गाडीला बरोबर आहे. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या रोटरी इंजिनाला तो लावला की घात होतो. धूर थांबावा म्हणून कुणी तेलाचा मीटरिंग पंप, म्हणजे इंजिनात मोजून तेल सोडणारा पंप, काढतो, कुणी त्याच्या नळ्यांना बूच मारतो. धूर थांबतो, आणि त्याबरोबर सीलांचे वंगणही. म्हणून हे पत्र.

माझ्दाच्या १३बी इंजिनात ६५४ सीसीच्या दोन खोल्या असतात आणि प्रत्येकीत एक तिकोनी रोटर. रोटरच्या तिन्ही टोकांना खाचेत बसवलेली पट्टी म्हणजे एपेक्स सील. मागून स्प्रिंग तिला रेटते, आणि इंजिन चालू झाले की गॅसचा दाबही रेटतो. हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, क्रोम केलेल्या भिंतीवर ही पट्टी अखंड घासत असते. पिस्टनच्या रिंगेला खालून क्रँककेसमधले तेल मिळत राहते. एपेक्स सीलच्या पुढेही पेट्रोलची खोली आणि मागेही. तेल यायला वाटच नाही. म्हणून मीटरिंग पंप चेंबरमधले (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतले) तेल थेंबाथेंबाने आत सोडतो आणि ते जळून जाते. ते जळण्यासाठीच आहे. मालकाने दर दुसऱ्या पेट्रोलला डिपस्टिक पाहावी आणि कमी झालेले तेल भरावे, एवढेच.

सीलने भिंतीवर थरथरत आडवे ओरखडे पाडले, की काम हाउसिंग बदलण्यापर्यंत जाते. १९६० च्या दशकात माझ्दाच्या केनिची यामामोतो यांच्या चमूला याच ओरखड्यांनी जेरीस आणले होते. ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ हे नाव त्यांनीच दिले. त्यावर कार्बन-अॅल्युमिनियमची सीले निघाली आणि १९६७ मध्ये माझ्दाची कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या जर्मन एनएसयू रो ८० ला सीलांच्या झिजेने पुरते बदनाम केले. २०२३ च्या एमएक्स-३० च्या नव्या रोटरीत सील २ मिलिमीटरऐवजी अडीच मिलिमीटर जाड केले आहे. एवढ्या वर्षांनीही भांडण त्याच पट्टीशी आहे.

मीटरिंग पंपावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. तेलाच्या नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात, त्यांच्या टोकाची नोझल कार्बनने चोंदतात. नोझलमध्ये एकेरी झडप असते. तोंडाने फुंकून पाहावे, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. माझ्दाच्या जुन्या आरएक्स-७ गाडीच्या नळ्या आरपार दिसतात. आत तेलाऐवजी हवेचा लांब बुडबुडा अडकलेला दिसला, तर त्या रोटरला तेल पोचत नाही असे समजावे.

पंप धड असला तरी पेट्रोलमध्ये थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल घालणे चांगले. ते इंजिन ऑइलपेक्षा स्वच्छ जळते, राख कमी ठेवते. प्रमाण लिटरला ४ मिली, म्हणजे ४० लिटरला १६० मिली. पंप काढलेला असेल तर लिटरला १० मिली, ४० लिटरला ४०० मिली. आधी तेल ओतावे, मग पेट्रोल भरावे, म्हणजे ते नीट मिसळते. आपल्या किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनासाठी लिटरला २० मिली घालायची सवय आहे. ते माप इथे नको. टू-स्ट्रोकमध्ये त्याच तेलावर बेअरिंगेही चालतात, रोटरीत बेअरिंगांना चेंबरमधून दाबाने तेल मिळते. जास्त तेलाने प्लग काळे पडतात आणि सीलच्या खाचेत कार्बन साचून सील अडकते. तेल मात्र होडीवाल्यांचेच, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, चालते. ते राख न ठेवणारे आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीच केलेले आहे.

पावसाळ्यात एक धोका वेगळा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरून ते फाटले, तर इथेनॉल आणि पाणी तळाला बसते, टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. टाकीतला पेट्रोलचा पंप ओढतो तळाचे. इंजिनाला तेव्हा पेट्रोलमधून तेलाचा थेंब मिळत नाही. टाकीचे झाकण घट्ट ठेवावे, आणि मिसळलेले पेट्रोल कॅनमध्ये महिनोन् महिने ठेवू नये.

पाऊस आला म्हणून थंड गाडी अंगणातून दहा पावले पुढे शेडखाली घेतली आणि लगेच बंद केली, हे रोटरीला सर्वांत वाईट. थंड इंजिनाला जादा पेट्रोल जाते, ते सीलांवरचे तेल धुऊन टाकते, कॉम्प्रेशन (आतला दाब) पडते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. सुरू केली तर तापमानाचा काटा वर येईपर्यंत चालू द्यावी. थंडच बंद करणे भाग असेल, तर ३००० आरपीएमवर दहा सेकंद धरून मग बंद करावी. तरीही इंजिनात पेट्रोल तुंबलेच, तर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढावा, प्लग काढावेत, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारून पेट्रोल बाहेर उडवावे. प्रत्येक रोटरमध्ये प्लगच्या भोकातून ५ मिली तेल घालून पुन्हा फिरवावे, आणि सुके प्लग व फ्यूज लावून सुरू करावे. पांढरा धूर काही मिनिटे येईल, घाबरू नये.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, सहा-सहा महिने बोटीवर असतात आणि गाडी खाऱ्या हवेत उभी असते. बाजूच्या हाउसिंग बिडाच्या. त्यांना गंज चढतो, रोटरच्या कडेची साइड सीले चिकटतात. जाण्याआधी प्लग काढून प्रत्येक रोटरमध्ये २ मिली तेल घालावे, शाफ्ट पान्याने चालीच्याच दिशेने एक फेरा फिरवावा, आणि असे तीनदा करावे. शाफ्टचे तीन फेरे म्हणजे रोटरचा एक. तेव्हाच तिन्ही बाजूंना तेल लागते. एकदाच सगळे ओतले तर दोन बाजू कोरड्या राहू शकतात.

जुनी आरएक्स-८ घेणाऱ्याने कॉम्प्रेशनचा आकडा एकच सांगितला तर मानू नये. साधा गेज तीन बाजूंपैकी सर्वांत चांगलीचाच दाब दाखवतो. दोन रोटर, तीन-तीन बाजू, म्हणजे सहा आकडे हवेत, गरम इंजिनावर आणि रोटरीच्या मीटरवर घेतलेले. २५० आरपीएमला नवे इंजिन ८३० किलोपास्कल देते. ६८० च्या खाली एक जरी आकडा गेला, किंवा एकाच रोटरच्या बाजूंत १५० हून जास्त फरक पडला, तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

आपला,
एक मोटार तंत्रज्ञ, म्हापसा