काकूंच्या आहारातले डाळिंब

बीड,
दि. १४ डिसेंबर

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. काकूंचे हिमोग्लोबिन नऊवर आल्याचे वाचून काळजी वाटली. रोज सकाळी त्यांना डाळिंबाच्या रसाचा मोठा पेला देतोस, असे तू लिहिले आहेस. त्यामागची तुझी माया मी ओळखतो. तरीही या बाबतीत मला तुझ्याशी स्पष्ट बोलले पाहिजे, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी आणि डाळिंब नेण्याची रीत आहे, आणि दाण्यांचा रंग रक्तासारखा असल्यामुळे ते खाल्ले की रक्त वाढते अशी समजूतही घरोघर आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ०.३ मिलिग्रॅम एवढेच लोह असते. तेवढ्याच वजनाच्या बाजरीच्या पिठात ते ६ मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे लोहाच्या हिशेबाने काकूंच्या ताटातली रोजची भाकरी डाळिंबाच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय डाळिंबात टॅनिनसारखे तुरट घटक असतात आणि ते अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे लोहाची गोळी डाळिंबाच्या रसाबरोबर देऊ नकोस. बाजरीची भाकरी, मेथी, हरभरा, अळीव यांच्यावर भर दे, जेवताना लिंबाची फोड पिळायला विसरू नकोस आणि जेवणाला लागून चहा ठेवू नकोस, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह अंगी लागते आणि चहामुळे ते अडते. मुख्य म्हणजे या वयात रक्त का कमी झाले, याचा शोध डॉक्टरांनी घेतलाच पाहिजे. पोटात कुठे सूक्ष्म रक्तस्राव होत असेल तर कोणत्याही फळाने ते भागणार नाही.

मग डाळिंब द्यावेच का, असे तू विचारशील. अवश्य द्यावे, आणि आनंदाने द्यावे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम तंतू, १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २३६ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. त्याची खरी ओळख मात्र प्युनिकॅलाजिन या टॅनिनच्याच जातीच्या घटकामुळे आहे. आपल्या आतड्यातले जिवाणू अशा घटकांचे रूपांतर युरोलिथिन नावाच्या संयुगांत करतात, आणि ते सर्वांच्या पोटात सारखे होत नाही. म्हणून एकाला जो गुण येईल तो दुसऱ्याला येईलच असे नाही. नियमित रस घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब थोडा उतरल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्यावर रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे ठरेल. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल, तर रोज डाळिंब देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घे. तुझ्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणून हेही लिहितो, की मोठ्या पेलाभर रसात सुमारे २५ ग्रॅम साखर असते आणि दाण्यांतले तंतू चोथ्यात निघून जातात. त्यांनी रस टाळून लहान वाटीभर दाणे सावकाश चावून खावेत.

आता फळाविषयी. सध्या आमच्याकडे मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या फुलांची फळे उतरत आहेत. आपल्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, त्यामुळे अनेक शेतकरी बागेचे पाणी तोडून तिला ताण देतात आणि पावसाच्या भरवशावर हाच बहार धरतात, आणि नेमक्या त्याच दमट दिवसांत तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा, फळावर डाग पाडणारा रोग बागेवर उतरतो. फुलापासून पक्व फळापर्यंत ‘भगवा’ या वाणाला जवळजवळ सहा महिने लागतात. इतके दिवस जपलेले फळ बाजारात सालीवरच्या एका डागापायी मातीमोल भावाने मागितले जाते, याचे मला फार वाईट वाटते. तू घेताना नुसत्या चकाकीवर जाऊ नकोस. हातात जड लागणारे, बाजूंनी किंचित चपटे आणि कंगोरेदार झालेले फळ घे. डाळिंब तोडल्यानंतर पिकत नाही, म्हणून कच्चे आणून ठेवण्यात अर्थ नाही. काकूंसाठी ‘गणेश’ मिळाला तर पाहा. पुण्याच्या गणेशखिंड येथे १९३६ साली निवडलेला हा वाण दिसायला फिकट, पण त्याचे बी मऊ आहे.

सोलताना सुरी मधोमध घालू नये. दाणे चिरडतात आणि कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. वरच्या मुकुटाभोवती उथळ गोल चीर देऊन टोपी काढ, म्हणजे आतले पांढरे पडदे दिसतील. त्या पडद्यांच्या रेषेत सालीला वरून खाली चिरा पाड आणि फळ हाताने उकल. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पातेल्यात दाणे सोडवलेस तर ते तळाशी बसतात आणि कडवट पापुद्रे वर तरंगतात. कल्हई नसलेले पितळेचे भांडे नको, आंबट रस त्यात कळकतो.

काकूंना दात नसल्याने दाणे चावता येत नाहीत, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी दाणे स्वच्छ मलमलीच्या कापडात बांधून हाताने पिळावेत. मिक्सर वापरायचाच असेल तर एखादाच झटका दे, कारण बी भरडले की रसाला तुरटपणा येतो. साखर न घालता अर्धी वाटी रस दुपारी चारच्या सुमारास, जेवण आणि गोळी यांच्यापासून दूर, ताजा द्यावा. तुम्ही इतरांनी दाणेच खावेत. गार दहीभातावर, काकडीच्या कोशिंबिरीत किंवा उपवासाच्या भगरीबरोबर ते मला सर्वांत आवडतात. चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली की चव खुलते.

साल उकळून तिचे पाणी पाजण्याचा सल्ला तुला कुणी दिला आहे. आयुर्वेदात सालीचा उपयोग अतिसारावर सांगितला आहे, पण काकूंना आधीच बद्धकोष्ठ आहे, तेव्हा तो मार्ग त्यांचा नव्हे. मुळाच्या सालीला तर हातही लावू नये, ती विषारी ठरू शकते.

शेजारच्या बागेतली एक पेटी उद्या एस.टी.ने पाठवतो. फळे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. काही आठवडे सहज टिकतील, सोललेले दाणे मात्र दोन-तीन दिवसांत संपव. डॉक्टर कोणत्या तपासण्या सांगतात आणि लोहाची गोळी काकूंना सोसते का, ते मला लगेच कळव. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
विजय