कोपऱ्यातल्या त्या स्टुलाबद्दल आभार

नमस्कार ताई,

हे पत्र तेव्हाच लिहायला हवं होतं. पण आमचा मेनू तुम्ही परत केलात त्या दिवशी मला तुमचा रागच आला होता.

मी पुरवठादाराकडचा माणूस. हॉटेलांना माल देतो आणि सोबत मेनू आखून देण्याची सेवाही. तुमच्यासाठी बारा नवे पदार्थ आणले होते, कृती, फोटो, मालखर्चाची टक्केवारी (विक्रीच्या किमतीत मालाचा खर्च किती टक्के), सगळं देखणं. तुम्ही पाच मिनिटं चाळलंत आणि म्हणालात, "हा माझ्या स्वयंपाकघराचा मेनू नाही, तुमच्या गोदामाचा आहे." झोंबलं, कारण खरं होतं. आम्हाला जो माल खपवायचा होता, तो बारापैकी सात पदार्थांत होता.

दुसरं कुणी असतं तर पुरवठादार बदलून मोकळं झालं असतं. तुम्ही शनिवारी रात्री बोलावलंत, कोपऱ्यात स्टूल दिलंत आणि "मध्ये येऊ नका" एवढंच बजावलंत. तुमच्या मेनूत तळणीचे दोनच पदार्थ होते, तरी ऑर्डरींची गर्दी झाल्यावर तिथला मुलगा घामाघूम झालेला आणि शेजारचा थंड पदार्थांचा ओटा रिकामा. आमच्या कागदावर तळणीचे पाच होते. कुठल्या शेगडीवर किती भार पडेल, हा रकानाच आमच्या तक्त्यात नव्हता.

मग तुम्ही वजनकाटा पुढे सरकवलात. किलोभर भाजी साफ केल्यावर 800 ग्रॅम उरली. मी घाईनं म्हणालो, "20 टक्के तूट, म्हणजे दर 100 असेल तर 120 धरू." तुम्ही नुसत्या हसलात. पैसे किलोचे मोजले, हाती 800 ग्रॅमच: 100 भागिले 0.8, म्हणजे साफ भाजीचा दर 125. इतकी वर्षं लोकांना ताटाचा खर्च काढून देणारा मी, आणि बहुतेक वेळा तर तूट धरतच नव्हतो!

पण सगळ्यात मोलाचा होता टक्केवारीवरून झालेला वाद. 100ला विकून 25 खर्चाचा पदार्थ मला चांगला वाटायचा; 200ला विकून 80 खर्चाचा महाग. तुम्ही विचारलंत, "गल्ल्यात टक्के पडतात का?" पहिल्यात 75 उरतात, दुसऱ्यात 120. कसावाना आणि स्मिथ या अभ्यासकांनी 1982 मध्ये मांडलेलं मेनू इंजिनिअरिंग मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं: पदार्थ किती खपतो आणि ताटामागे किती उरतं, या दोन्हींवरून त्याची जागा ठरवायची. त्यात खपाची रेषाही आहे, सरासरी वाट्याच्या 70 टक्के. दहा पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सरासरी वाटा 10 टक्के, म्हणून 7 टक्क्यांहून कमी मागणीचा पदार्थ मागे पडलेला. तुम्ही हे नाव ऐकलंही नव्हतं, पण जुन्या बिलबुकांवर पेन्सिलीनं तेच करत होतात.

आता आम्ही नवा मेनू आखण्याआधी चार आठवड्यांची विक्री मागतो आणि स्वयंपाकघरात उभे राहून ओटे मोजतो. नवा जिन्नस किमान दोन पदार्थांत लागत असेल तरच सुचवतो, नाहीतर अर्धा खोका सडतो. लहान पॅकिंगसाठी गोदामवाल्यांशी भांडावं लागलं, अजूनही लागतं. आणि खपवायच्या मालाची यादी मेनू तयार होईपर्यंत माझ्या टेबलावर येत नाही. आमच्या विक्री विभागाला हे अजिबात रुचलेलं नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं पटलेलं नाही. मेनूकार्डावर फोटो हवेतच, असं मला अजूनही वाटतं. त्यावर भांडू.

मंगळवारी हंगामी मेनूचा कच्चा खर्डा घेऊन येतोय. या वेळी आठच पदार्थ आहेत, तळणीचा एकच. स्टूल तेवढं ठेवा, वजनकाटा मी आणतो.

तुमचा,
मेनूवाला