तासाला तीन मैल

कॉव्हेंट्री,
१८ जानेवारी

प्रिय दत्तू,

परवा फोनवर मी इथल्या कालव्यांतून बोटीने फिरायचा बेत सांगितला, तर तू म्हणालास, "तासाला तीन मैल? मग बैलगाडीच का नाही ठरवत?" वहिनी मागे हसत होत्या, तेही ऐकू आलं. तुझ्यापुढे मला जागेवर उत्तर सुचलंय असं शाळेपासून कधी झालेलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. बाहेर साडेचारलाच अंधार पडलाय आणि मंगल हळदीकुंकवाला गेली आहे. तेव्हा पत्र लांबणार. चष्मा लावून बस.

आधी माझीच अक्कल कशी ठिकाणावर आली ते सांगतो. तुम्ही दोघं मे महिन्यात लेकीकडे येताय हे कळल्यावर मी जेवणाच्या टेबलावर कालव्यांचा नकाशा पसरला आणि सगळ्यात देखणा वेढा निवडला. त्याला फोर काउंटीज रिंग म्हणतात. जिथून निघायचं तिथेच फिरून यायचं. अंतर ११० मैल, लॉक ९४. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर चढवायची नाहीतर खाली उतरवायची. आठवडाभरात सहज होईल असं वाटलं. पुण्याहून सोलापूर दीडशे मैल, आपण ते सकाळच्या नाश्त्यानंतर निघून जेवायच्या आत उरकतो, हे डोक्यात.

मग इथल्या बोटवाल्यांचा हिशेब कळला. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं. येतील तेवढे तास. ११० अधिक ९४ म्हणजे २०४. भागिले तीन, ६८ तास. बोट मिळते शनिवारी दुपारी तीन-चारला आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊला परत द्यायची. म्हणजे रोज साडेदहा तास. मंगलने आकडा बघितला आणि म्हणाली, "ही सुट्टी आहे की एसटीची ड्यूटी?"

तरी माझी खुमखुमी जिरली नव्हती. ती सप्टेंबरात जिरली. भाच्याला घेऊन मी एक छोटी बोट एका दिवसासाठी भाड्याने घेतली होती, हे तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. धक्क्यावरचा माणूस थोडा वेळ शिकवतो, मग तुम्ही आणि तुमचं नशीब. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. हे ऐकायला सोपं आहे. समोरून दुसरी बोट आली, इथे रस्त्याच्या उलट उजवीकडून जायचं असतं, आणि मी गडबडीत दांडाही उजवीकडे ढकलला. त्यात बोट मोटारीसारखी पुढून वळत नाही, मधोमध खिळा ठोकल्यासारखी फिरते; नाक एकीकडे गेलं की शेपूट दुसरीकडे झाडू मारते. ब्रेक नाही. आम्ही सरळ समोरच्या बोटीपुढून आडवे गेलो आणि लव्हाळ्यात घुसून गाळात रुतलो. काठावर कुत्रा फिरवणारा एक म्हातारा हे सगळं शांतपणे बघत होता. त्याने सांगितलं, मोकळ्या बाजूला दोघं उभे राहा, रिव्हर्स टाका, आणि मग बांबूने ढकला. निघाली. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढलाय. तू आलास की दाखवेलच तो, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

त्या दिवशी सहा तासांत आम्ही जेमतेम दहा मैल गेलो, आणि घरी येऊन मी वेढा पुसून टाकला. मग आला वेल्सकडचा लँगोलेन कालवा. सगळे नवशिके तिकडेच जातात. तिथे टेलफर्ड आणि जेसप यांनी १८०५ साली पुरा केलेला पाँटकिसिल्टीचा जलसेतू आहे. एका लोखंडी पन्हळीतून बोट दरीवरून जाते, खाली १२६ फुटांवर डी नदी. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला पन्हळीचा जेमतेम काठ, बाकी हवा. वहिनींनी सिंहगडावर जे केलं होतं ते आठवून मी तोही बेत सोडला. डिव्हायझेसला केन हिलवर २९ लॉकांची चढण आहे, ती बघून तुझे डोळे विस्फारतील, पण ती आपण गाडीने जाऊन बघू. हात दुसऱ्यांचे दुखू देत.

आता जे ठरवलंय ते ऐक, कारण ते निम्मं तुझ्यासाठी आहे. दक्षिण ऑक्सफर्ड कालवा. नेपटनच्या आसपास बोट घ्यायची, क्रॉप्रेडी गावापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. एका दिशेने सुमारे १८ मैल आणि १८ लॉक. तुझा हिशेब झालाही असेल: बारा तास जायला, बारा यायला. रोज चार तास. उरलेला वेळ चहा.

तुझ्यासाठी का, तर तू पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलीस आणि असा कालवा तू पाहिलेला नाहीस. नेपटनचे नऊ लॉक चढून गेलं की माथ्यावर अकरा मैल एकही लॉक नाही. सरळ रेषेत बघितलं तर अंतर याच्या निम्मंच आहे. जेम्स ब्रिंडलीने आखलेला हा कालवा, कायदा १७६९चा. भराव नको, खोदाई नको, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ, धरून चालत राहा, हा त्याचा खाक्या. वर्मलीटनच्या टेकडीला तर कालवा जवळजवळ प्रदक्षिणा घालतो. तेच शेत, तेच घर आधी उजवीकडे दिसतं, मग समोर, मग डावीकडे. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला, काम त्याच्या मेहुण्याने, सॅम्युअल सिमकॉकने, पुढे नेलं, आणि १७९०च्या जानेवारीत कोळशाच्या बोटी ऑक्सफर्डला पोचल्या. आणि गंमत बघ, याच माथ्यावरच्या वळणांना आडवी छेदून लंडन–बर्मिंगहॅमची नवी वेगवान रेल्वे बांधताहेत. ती ताशी ३६० किलोमीटरच्या वेगासाठी आखलेली आहे. तिच्या खालून आपण ताशी पाच किलोमीटरने जाऊ. तुझ्या बैलगाडीचं उत्तर मला सुचलेलं नाही हे खरं, पण तिथे उभं राहून तूच शोध.

एक मात्र तुला खटकेल. हे पाणी वाहत नाही. आपला कालवा म्हणजे उतार आला, आवर्तन आलं, पाटकरी आला, टेलला पाणी पोचलं नाही म्हणून मोर्चा आला. इथे पाणी कुठे पोचवायचंच नाही, फक्त तरंगण्यापुरतं धरून ठेवायचं. पण माथ्यावरून खाली जाणारी प्रत्येक बोट लॉकभर पाणी घेऊन उतरते, साधारण एक लाख लिटर. आपले दहा टँकर, एका बोटीला! ते भरून काढायला बॉडिंग्टन, क्लॅटरकोट आणि वर्मलीटन अशी तीन धरणं, म्हणजे तुझ्या मापाने तीन पाझर तलाव. म्हणूनच समोरून बोट येताना दिसली आणि लॉक तिच्या सोयीने भरलेला असला, तर आपण थांबायचं, लॉक रिकामा करून पाणी वाया घालवायचं नाही. २०२५च्या उन्हाळ्यात पाऊस रुसला तेव्हा इथले कित्येक लॉक बंद ठेवावे लागले होते. आपण मे महिन्यात जातोय ते म्हणूनच. शिवाय ऑगस्टात क्रॉप्रेडीला मोठा संगीत महोत्सव असतो, तेव्हा बोट बांधायला जागा मिळत नाही.

लॉकची रुंदी सात फूट आणि बोटीची सहा फूट दहा इंच. दोन्हीकडे तळहात सरकेल एवढी फट. म्हणजे आतली जागा सहा फुटांच्या आसपास, आपल्या रेल्वेच्या डब्याहून कितीतरी अरुंद, पण लांबी अठ्ठावन्न फूट. एका वेळी एकच माणूस ये-जा करू शकतो. तू सकाळी अंघोळीहून येताना मंगल चहा घेऊन निघाली तर एकाने मागे हटायचं. कोण हटेल ते मला माहीत आहे.

लॉकवर तुझं काम. विंडलास म्हणजे काटकोनात वळलेली एक लोखंडी किल्ली, तिने झडपा उचलायच्या, पाणी समपातळीला आलं की दाराचा लांब लाकडी दांडा पाठीने रेटायचा. हाताने नाही, पाठीने. तुझ्या गुडघ्यांचं काय म्हणतायत डॉक्टर, ते मला खरं खरं कळव. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. उतरताना पाणी खाली जातं आणि बोटीची शेपटी त्या उंबरठ्यावर टेकली, तर नाक खाली जात राहतं आणि बोट बुडते. चेष्टा नाही, दरवर्षी कुणाची तरी बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे बोट ठेवायची ही माझी जबाबदारी. आणि मी ओरडलो तर काही न विचारता झडपा बंद करायच्या ही तुझी. "काय झालं?" असं नंतर विचारायचं. तू आधी विचारतोस. नेपटनला चढताना हात बसेल, माथ्यापलीकडे क्लेडनच्या लॉकांवर उतरताना, आणि परत येताना सगळं उलटं.

वहिनींचा पहिला प्रश्न मंगलने मला न विचारताच सांगितला. तर हो, संडास घरच्यासारखाच आहे. दोन प्रकार असतात: एकात डबा भरला की आपण तो उचलून नेऊन रिकामा करायचा, दुसऱ्यात बोटीखाली मोठी टाकी असते आणि धक्क्यावर पंपाने ओढून घेतात. मी दुसरा प्रकार घेतोय, पैसे थोडे जास्त गेले तरी. अंघोळीला शॉवर आहे, पण पाणी टाकीतलं, ते रोज नळावर थांबून भरायचं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. भिशीची गप्पांची बैठक तिथेच होते म्हणे.

स्वयंपाकाचं जरा सविस्तर सांगतो. गॅस आहे, सिलिंडरवरचा, चार शेगड्या आणि भट्टी. कुकर चालतो. मिक्सर विसरायचा. बोटीची वीज बॅटऱ्यांतून येते, त्यावर दिवे, पंप आणि फ्रिज चालतात, मिक्सर लावला की सगळं मुकं होतं. म्हणून वाटणघाटण बंद आणि कोरडं सगळं तुम्ही आणायचं. थालिपीठाची भाजणी दोन किलो, मेतकूट, खोबऱ्याची चटणी, शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला. कांदे-बटाटे, दूध इथे मिळेल. पण माथ्यावरच्या त्या अकरा मैलांत फेनी कॉम्प्टन सोडलं तर काहीच नाही, तेव्हा दोन दिवसांचा शिधा हाताशी हवा. फेनी कॉम्प्टनला एक "बोगदा" आहे. छप्पर एकोणिसाव्या शतकातच काढून टाकलं, आता नुसती अरुंद चर आहे, पण लोक अजून बोगदाच म्हणतात.  नेपटनच्या पहिल्या लॉकपाशी पब आहे, रविवारी रात्री तिथे जेवू. त्याच लॉकांच्या बाजूच्या शेतात एकाने चक्क म्हशी पाळल्या होत्या. इंग्लिश माणसं कठड्यावर हात टेकून म्हशींचे फोटो काढायची.

संध्याकाळी पायवाटेच्या कडेने जवळजवळ कुठेही बोट बांधायची. लोखंडी मेखा हातोड्याने ठोकायच्या, गोठ्यात खुंटी ठोकतात तशा, आणि दोर आवळायचा. भाडं नाही. रात्री आठ ते सकाळी आठ शेजारी बोटी असतील तर इंजिन चालवायचं नाही, म्हणजे पाचला उठून "चला चला" करायची तुझी सवय इथे बेकायदा आहे. आपण कुठे आहोत ते पुलांवरच्या नंबरांवरून कळतं, तुमच्या पाटावरच्या अंतराच्या साखळी क्रमांकांसारखं. लेकीला भेटायला यायचं असेल तर पत्ता नाही, पुलाचा नंबर सांगायचा. बोट वळवायची मात्र कुठेही वळत नाही, त्यासाठी काठ खोदून केलेल्या जागा ठरलेल्या आहेत. क्रॉप्रेडीला आपण वळू. त्याच गावच्या पुलावर १६४४ साली राजाच्या आणि पार्लमेंटच्या फौजा भिडल्या होत्या. आपले महाराज तेव्हा चौदा वर्षांचे.

तिथून बॅनबरी फक्त चार लॉक पुढे आहे. नकाशा बघून तुला मोह होईल, मला झालाच आहे. पण मी मंगलला शब्द दिलाय.

एका ठिकाणी भाडं विचारलं. मेच्या तिसऱ्या आठवड्याला पंधराशे पौंडांच्या घरात, डिझेल वेगळं. चौघांत वाटलं तर हॉटेलांपेक्षा जड नाही. अनामत भरायची तर येत्या रविवारपर्यंत मला हो किंवा नाही कळव. आणि गुडघ्यांचं लिही. ते बरे नसतील तर सुकाणू तुझ्याकडे आणि लॉक माझ्याकडे. मात्र दांडा डावीकडे, नाक उजवीकडे, हे आत्तापासून घोकत राहा.

तुझा,
शरद

ता. क. वहिनींना पोहता येत नाही ते लक्षात आहे. बोटीवर सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात आणि लॉकवर ते काढायचं नाही, लॉक खोल असतात. पण बाकी कालव्यात कुणी पडलंच तर पोहायची गरज नाही म्हणावं, उभं राहायचं. पाणी कमरेच्या आसपास, बाकी गाळ.