शैलेस, अलास्काहून परत आल्यावर

बॉथेल (सिअ‍ॅटलजवळ)
१९ जून

प्रिय शैले,

आधी पोटभर शिव्या घाल, मग वाच. दिवाळीपासून माझं एक अक्षर नाही, तुझे दोन फोन "नंतर करते" म्हणून ठेवले ते ठेवलेच, आणि आता एकदम हे जाड पाकीट. मुक्ताच्या मैत्रिणीची आई पुण्याला परत निघालीय, तिच्या पर्समधून ते तुझ्यापर्यंत येईल. फोन केला असता, पण इथली घरं लाकडी. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी माडीवर ऐकू येतं. आणि माझा व्हॉट्सअ‍ॅप मी कुठे चालवते, अन्वी चालवते. आत्ता सगळे तिच्या पोहण्याच्या क्लासला गेलेत, हेही गेलेत. तास-दीड तास मिळेल.

गुडघा आहे तसाच आहे. साखर बरी. झालं.

मुक्तानं आम्हाला क्रूझवर नेलं. सात दिवस, सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल, अलास्का. तू म्हणशील, मुंबई ते मालवण बोटीचं नाव काढलं तरी जिला ओकारी यायची ती कुंदा? तीच. पहिल्या रात्री व्हँकूवर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून गेलो तेव्हा मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून पडून होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट बेटांच्या आड शिरली आणि पाणी कृष्णेच्या डोहासारखं शांत झालं. तिथून पुढे सगळं असंच, दोन्ही बाजूंना डोंगर, मधून आपण. पाण्यापासून निम्म्या उंचीपर्यंत काळीभोर झाडी, वर बर्फ. धबधबे इतके, की अन्वीनं मोजायला घेतले आणि सव्वीसला कंटाळून सोडले.

शैले, मी तीस वर्षं नववीला हिमनदी शिकवली. हिमगव्हर, गिरिशृंग, लोंबती दरी, 'यू' आकाराची दरी, हिमोढ. आकृती काढा, नावे द्या, गुण पाच. तू स्टाफरूममध्ये म्हणायचीस ना, "कुंदा, तू बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलायस." खरंच होतं. आणि तिथे बाल्कनीत उभी राहिले तर माझीच फळ्यावरची आकृती समोर, फक्त खडूची नाही! कड्याच्या मध्यावरून धबधबा खाली उडी घेतोय, म्हणजे वर लोंबती दरी. मी ओरडून मुक्ताला दाखवली तर ती म्हणते, "आई, हळू. शेजारच्या केबिनमधले झोपलेत."

पण हे सांगायला पत्र लिहायला घेतलेलं नाही. यांच्याबद्दल लिहायचंय, आणि दोन पानं झाली तरी मी धबधबेच मोजतेय.

बोट म्हणजे आडवी पडलेली इमारत समज. आमचा आठवा मजला. लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे एक बोळ, उजवीकडे एक बोळ, दोन्ही सारखे, एकच गालिचा, एकसारखे दरवाजे, संपता संपत नाहीत. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही हुबेहूब तेच. जावई स्वतः दोनदा चुकले. मीही एकदा बोटीच्या तोंडाकडे जायचं ती शेपटीकडे गेले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी हे चहा आणायला गेले आणि पाऊण तासानं आले, तेव्हा मी चहा गार झाला म्हणून कटकट केली, एवढंच. सातव्या मजल्यावर आमच्याच जागेच्या दारात उभे राहून कार्ड लावत बसले होते म्हणे. "कार्ड खराब आहे," म्हणाले. मी हसले. तूही हसली असतीस.

मग जूनो. ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. बोटीनं जा नाहीतर विमानानं. यांना ते पटेचना. "एसटी नाही? राजधानीला?" असं गंभीरपणे दोनदा विचारलं. दोनदा की तीनदा, ते मी आता आठवत बसते. तेव्हा मोजलं नव्हतं.

स्कॅगवेला मात्र यांना पाहायला हवं होतंस. तिथून व्हाइट पासची छोटी आगगाडी आहे, १८९८ साली बांधायला घेतली, सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी. रूळ तीन फुटी. वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गाडी होण्याआधी लोक त्याच खिंडीतून घोड्यांवर सामान लादून जायचे. वर कॅनडाचे पोलीस वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पुढे सोडत नसत, म्हणजे माणशी टनभर ओझं. तीनेक हजार घोडी मेली त्या वाटेवर. हे खिडकीतून मान बाहेर काढून खंबाटकीशी तुलना करत होते. कुठे वळण कसं टाकलंय, ब्रेक कुठे धरत असतील, वगैरे. जावयांना एवढं बोलणारा सासरा पहिल्यांदा भेटला. आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "मागच्या वेळी आपण डावीकडे बसलो होतो, तिकडून जास्त दिसतं."

मी म्हटलं, मागच्या वेळी?

क्षणभर थांबले. मग चिडले. "माथेरानला गं! सगळं सांगावं लागतं तुला."

आता सांग. माथेरानला आम्ही ८३ साली गेलो होतो, गाडीनंच गेलो होतो, आणि डावीकडे बसलो होतो की नाही हे मला मेलं काही आठवत नाही. मग विसरलं कोण?

तुला अण्णा आठवले असतील एव्हाना. मलाही तिथेच, त्या गाडीत आठवले. २०११ सालची संक्रांत, तुझ्याकडचं हळदीकुंकू नव्हे, देशपांडेबाईंकडचं. तू सांगत होतीस की अण्णा मंडईतून येताना राजवाड्यापाशी तासभर उभेच राहिले. आणि मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "सुनेला काय, सासरा आमटीत मीठ मागायला विसरला तरी वेड लागलं वाटतं." तू वाण तिथेच ठेवून उठलीस. आठ महिने बोलली नाहीस. मग गणपतीत मी उकडीचे मोदक घेऊन आले, तू दोन खाल्लेस, आणि आपण दोघी त्या विषयावर कधी बोललोच नाही. अण्णा गेल्यावरही नाही. मोदकांवर भागवलं मी ते, शैले. भागलं नव्हतं, मला माहीत होतं.

असो. ग्लेशियर बे. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माइकवरून सांगत असतात. माझ्यासारखेच मास्तर, फक्त टोपीवाले. त्यातल्या बाईंनी सांगितलं की १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूवरची माणसं इथून गेली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर नावाचा निसर्गअभ्यासक आला तोवर ती चाळीस मैलांहून जास्त मागे गेलेली, आणि आता टोकापर्यंत जायला पासष्ट मैल आत जावं लागतं. तिथले मूळचे लोक, हूना लिंगिट, त्यांची गावं त्याआधी बर्फ पुढे सरकला तेव्हाच त्याखाली गेली होती. मी वर्गात 'हिमनदी संथ गतीने वाहते' एवढंच शिकवलं. पुढे येते, गाव खाते आणि मागे जाते, हे पुस्तकात नव्हतं.

मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर बोट तासभर उभी केली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, आणि निळी. कपड्यांना घालतो त्या निळीसारखी. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा रंग पिऊन टाकतो म्हणून तसं दिसतं. सगळे गप्प. मग एक चिरा सुटला, वाड्याएवढा असेल, सावकाश खाली आला, पाणी उसळलं, आणि आवाज नाही! मग धडाम. लिंगिट लोक त्याला पांढरी गडगड म्हणतात म्हणे. मी बधिर झाले होते, आणि शेजारी हे शांतपणे म्हणाले, "तीन सेकंद. म्हणजे किलोमीटरभर लांब आहे. वाटत नाही ना?"

शैले, मला इतकं हायसं वाटलं की मी सगळ्यांसमोर यांचा हात धरला. चाळीस वर्षांत धरला नव्हता. हे दचकले. म्हटलं, ज्याला हे एवढं झटक्यात जमतं त्याला काय धाड भरलीय? मी आपली उगीच अण्णांना मधे आणतेय. त्या दिवशी मी दोनदा आइस्क्रीम खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला जाग आली तर हे स्वेटर, मफलर, बूट घालून दाराशी. "चल, चहा संपेल." आता बघ, तिकडे जूनमध्ये त्या वेळीही बाहेर उजेड असतो. आणि यांच्या एचएमटीवर भारताचीच वेळ असते, काढायला तयार नाहीत. अलास्कात पहाटे साडेतीन म्हणजे सातारला संध्याकाळचे पाच. घड्याळात पाच, बाहेर उजेड. कुणीही फसेल. मी फसले असते? तू?

आमच्या केबिनची साफसफाई बघायला एक मुलगा होता, म्हापशाचा. गोव्याची बरीच मुलं असतात या बोटींवर. पहिल्या दिवशीच त्यानं मला मावशी केलं आणि आमच्यासाठी कुठून कुठून लोणचं आणून दिलं. केचिकनला आम्ही उतरलो तेव्हा पाऊस होता. तिथे वर्षाला दीडशे इंच पडतो म्हणून सगळे तोंडात बोट घालत होते. मी जावयांना म्हटलं, आमच्या महाबळेश्वरला दोनशेच्या वर पडतो आणि आम्ही त्याचं तिकीट लावत नाही. टोटेमचे, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांचे कोरलेले लाकडी खांब पाहिले, पाय दुखले, मी एकटी लवकर परत आले. तो मुलगा चादरी बदलत होता. म्हणाला, "मावशी, काका दिसले नाहीत आज. रोज एकदा तरी मी त्यांना खालच्या मजल्यावरून वर आणून सोडतो."

रोज.

मी म्हटलं, रोज? तर तो बिचारा घाबरला, मी तक्रार करीन असं वाटलं असावं. "सगळेच चुकतात हो. मी स्वतः पहिला महिना चुकत होतो." आणि मग हळूच, "काका म्हणाले, घरी सांगू नकोस."

तो गेल्यावर मी यांच्या कोटाचा खिसा पाहिला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, कधी पाहिला नव्हता. ती छोटी डायरी तुला माहीतच आहे, स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते तेव्हापासूनची सवय, गाड्यांचे नंबर लिहायची. त्यात पानभर: 'मजला आठ. लिफ्टमधून डावीकडे. कडेला बोटीचं चित्र आहे तिथून सहावं दार. आज मंगळवार, गाडीचं गाव झालं. उद्या बर्फ.' आणि त्याखाली, 'नात – अन्वी. इयत्ता चौथी.'

या माणसानं आयुष्यभर सगळं लिहूनच ठेवलंय. दुधाचा हिशोब लिहितात, गॅसची तारीख लिहितात. मग नातीची इयत्ता लिहिली तर काय झालं? असं मी स्वतःला पाचशे वेळा सांगितलं. इयत्तेचं ठीक आहे गं. नाव कशाला लिहिलं?

मी डायरी होती तशी ठेवली. शेवटचा थांबा कॅनडातलं व्हिक्टोरिया. त्या चार तासांसाठी आम्ही दोघांनी कॅनडाचा व्हिसा काढला होता, बोटांचे ठसे देत पुणे-सातारा फेऱ्या मारून! का, तर परदेशी झेंड्याच्या बोटीनं मधे एका परक्या बंदराला लागलंच पाहिजे असा १८८६ चा अमेरिकन कायदा आहे. आणि पोचलो रात्री आठनंतर, हे म्हणाले झोप येतेय, उतरलोच नाही. व्हिसा कोराच राहिला. मुक्ताला वाटलं आम्ही दमलो. मी यांना त्या बोळात एकटं सोडायला तयार नव्हते, एवढंच.

मुक्ताला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती लगेच इथल्या डॉक्टरकडे नेईल, इंग्रजीत प्रश्न विचारतील, आज वार कुठला, शंभरातून सात वजा करत जा, आणि हे अपमानानं एक अक्षर बोलणार नाहीत. आम्ही ऑगस्टमध्ये परत येतोय. तोवर मी यांच्या मागे मागे फिरते आणि हे मला विचारतात, "तुला काय झालंय गं?"

तर तू सांग. अण्णांना पहिल्यांदा कुणाकडे नेलंस? काय सांगून नेलंस? ते चिडले का? आणि सुरुवात नेमकी कशी होती, राजवाड्याच्या आधी काही होतं का, जे तुला नंतर लक्षात आलं? तेव्हा तू मला हेच सांगायला आली होतीस आणि मी तुला हसून घालवलं. आता मीच विचारतेय. लाज वाटते, तरी विचारतेय. त्या वाक्याबद्दल चुकले मी. लिहून देतेय, हवं तर भिंतीवर लाव.

तुझा मोतीबिंदू झाला का? ऋताला कोल्हापूरला मिळालं ते तिला हवं तेच ना? गच्चीच्या गळतीचं काय झालं? सगळं सविस्तर लिही. मुक्ताच्या पत्त्यावर पाठवू नकोस, इथे पाकीट आधी तीच फोडते. सातारच्या घरीच पाठव, मी आल्यावर वाचीन.

तुझी,
कुंदा

ता. क. आत्ता हे पोहण्याहून आले, पत्र कुणाला म्हणून विचारलं. तुझं नाव सांगितल्यावर एकदम खूष. म्हणाले, "तिला लिही, तिची सव्वासातची कोरेगाव मी रोज दोन मिनिटं थांबवून धरायचो, ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन." शैले, मला आठवतंय ती सहा पन्नासची होती. तू सहा वर्षं त्या गाडीनं गेलीस. नीट आठव आणि तेवढं मात्र फोनवरच सांग. सव्वासातची, की सहा पन्नासची?